अर्पणाआधी बांध

बीदर-कलबुर्गीच्या मातीत देवाचं नाव घेणाऱ्याला लोक पुष्कळ काळापासून पारखत आले आहेत. बाराव्या शतकात बसवण्णांनी कल्याणला (आताच्या बसवकल्याणला) कायक आणि दासोह शिकवला, म्हणजे अंगमेहनतीचं खावं आणि त्यातलं वाटावं. कलबुर्गीला बंदेनवाजांचा दर्गा आहे, बीदरला नानक झिऱ्याचा लंगर आहे, हुमनाबादजवळ माणिकप्रभूंची गादी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेथडिस्ट मिशनरी इकडे आले, तेव्हा त्यांचं प्रवचन लोकांनी ऐकलं असेलच. पण पुढं गावोगाव टिकली ती आठवण जखम धुणाऱ्या हातांची आणि शिकवणाऱ्या बायबल-बायांची. आमच्याकडचा माणूस धर्म तोंडावरून ओळखत नाही. उधारी कशी फेडतो, गड्याला जेवायला कुठं बसवतो, भावाशी कसा वागतो, एवढं तो बघतो.

भावाशी वागणं सगळ्यात अवघड. ते मी घरातच पाहिलं.

आमचं घर भालकी तालुक्यातलं. घरात मराठी, चर्चमध्ये कन्नड, बाजारात दखनी. तूर खळ्यावरून घरी आली की पहिलं माप चर्चला जायचं. सुगीच्या अर्पणाच्या रविवारी वेदीपुढं ज्वारीची कणसं, तुरीच्या पाट्या, भोपळे, एखादी कोंबडी असं सगळं मांडलेलं असे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. एका वर्षी वडिलांनी तुरीचं पोतं बांधून दारात ठेवलं होतं. आजी म्हणाली, “तूर इथंच राहू दे. आधी थोरल्याकडं जाऊन ये.”

थोरले म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. ते ख्रिस्ती झाले नव्हते. दोघांच्या शेतामधला बांध त्या पावसाळ्यात कोरला गेला होता आणि कुणी कोरला यावरून बोलणं बंद होतं. वडील म्हणाले, “बांध त्यानं कोरला, आणि मी का जाऊ?” आजीला वाचता येत नव्हतं, पण मत्तयाच्या शुभवर्तमानातला डोंगरावरचा उपदेश तिला ऐकून ऐकून पाठ झाला होता. ती एवढंच म्हणाली, “त्याच्या मनात तुझ्याबद्दल आहे ना काही? मग तूच जायचं.”

त्या उपदेशातल्या एका वचनाची अडचण मला फार उशिरा उमगली. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असं येशू सांगतो. पण चूक कुणाची हे तो विचारतच नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काही असलं, की उठायचं मी. न्याय मागणाऱ्याला हे जाचतं, आणि ते जाचावं असंच आहे. क्षमेवर प्रवचन ऐकणं सोपं, पण आपली बाजू खरी असताना दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उभं राहायला छाती लागते.

वडील गेले. चुलते बोलले नाहीत. चुलतीनं चहा दिला, तो पिऊन वडील परत आले. समेट झाला नाही म्हणून पोतंही गेलं नाही. त्या रविवारी अर्पणात आमच्या घरचं काही नव्हतं आणि का नव्हतं ते साऱ्या मंडळीला कळलं. पुढं मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले. उन्हाळ्यात चुलत्यांच्या मुलीच्या लग्नाच्या शेवया करायला आई त्यांच्याकडे जाऊन बसली, तेव्हा बोलणं सुरू झालं. चुलत्यांनी चर्चचा उंबरा कधी ओलांडला नाही. आजीच्या मातीला मात्र खड्डा खणायला तेच पहिले आले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला आजी आठवते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. पण कुणाच्याही हातचं खायचं, हे त्यांनी त्याआधीच ठरवलं होतं. त्यांच्या आयुष्यात श्रद्धा आधी ताटात आली, चर्चच्या वहीत नाव मागाहून लागलं. हा क्रम मला खरा वाटतो.

आणि म्हणूनच एक गोष्ट मला सहन होत नाही. प्रभुभोजनाला आमची मंडळी एका रांगेत गुडघे टेकते, एकाच भाकरीतला तुकडा घेते. सोयरीक जुळवायला बसली की मात्र पूर्वीचा वाडा कोणता, म्हणजे जात कोणती, हा प्रश्न हळूच येतोच. इथून बसवकल्याण काही लांब नाही. समगार (चांभार) हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न तिथल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी, लावलं आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड सोसावा लागला, ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आठशे वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी जे जिवावर उदार होऊन केलं, ते ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या घरांना अजून जड जातं. हाही कोरलेला बांधच आहे, आणि तो तसाच ठेवून आम्ही दर रविवारी अर्पण घेऊन जातो.

यंदा पुतण्याचं लग्न ठरवायचं आहे. बैठकीला मी असणार आहे. तो प्रश्न आपल्या बाजूनं कुणी विचारायचा नाही आणि समोरून आला तर उत्तर द्यायचं नाही, हे मी थोरल्या भावाला सांगितलं आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे.