काल राहिलेले काम



शाळेच्या कार्यालयातील संगणकावर गुणपत्रके, दाखल्यांची नोंद आणि फीचा हिशोब असतो. रोज रात्री २ वाजता त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर निघावी, अशी सोय आमच्या संगणक शिक्षकांनी केली होती. लिनक्समध्ये हे काम ‘क्रॉन’ करतो. १९७० च्या दशकातील युनिक्सपासून चालत आलेली ही पद्धत. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरे आणि पुढे काम. सारे एका ओळीत.

मात्र त्या वेळी संगणक बंद असेल, तर क्रॉन ते काम सोडून देतो. इंदूरच्या पावसाळ्यात वीज गेली आणि प्रतींच्या तारखांत ४ दिवसांची फट दिसली. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून निभावले; नाहीतर चाचणीचे गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरावे लागले असते.

मग शिक्षकांनी ते काम ‘सिस्टिमडी’च्या टायमरकडे दिले. ही व्यवस्था २०१० मधली. इथे दोन फायली लागतात. ‘सर्व्हिस’ फाइलमध्ये काय करायचे ते, ‘टायमर’ फाइलमध्ये केव्हा करायचे ते. आधी सर्व्हिस हाताने चालवून पाहिली, मग टायमर सुरू केला आणि क्रॉनची जुनी ओळ बंद केली. नाहीतर एकच काम दोनदा झाले असते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. क्रॉनला यातला काल ठाऊकच नाही. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय चालू केला की शेवटचे काम केव्हा झाले ते तो लिहून ठेवतो आणि संगणक सुरू होताच राहिलेले काम करतो. हा पर्याय आपण होऊन चालू नसतो, तो लिहावा लागतो. शिवाय ४ रात्री चुकल्या तरी काम एकदाच होते. आजची प्रत मिळते, गेलेल्या दिवसांच्या प्रती मिळत नाहीत.

काम झाले की फसले, याची नोंदही तिथेच राहते. पण नोंद कोणी वाचली तरच तिचा उपयोग. म्हणून दर सोमवारी लिपिक टायमरांची यादी पाहतात आणि महिन्यातून एकदा जुनी प्रत उघडून, ५ विद्यार्थ्यांचे गुण मूळ नोंदवहीशी ताडून माझ्याकडे सहीला आणतात. ती सही यंत्रावर सोपवलेली नाही.

— मुख्याध्यापक