इंग्रजी धावते, आपण चालतो

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. आमची मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू वाचतात, बाजारात मराठीत व्यवहार करतात. त्यात राज्य शासनाने २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आणले. चार भाषांचे ओझे, असे लोक म्हणतात. आम्हाला ती शिदोरी वाटते.

मुलांना मोठे इंग्रजी शब्द फारसे छळत नाहीत. 'हिप्पोपोटॅमस' म्हणजे पाणघोडा, विषय संपला. छळतात ते 'रन', 'सेट', 'टेक' असे चिमुकले शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ होते. पुढे संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले.

आता वहीत 'रन म्हणजे दौडना' एवढेच लिहिलेले मूल 'माय नोज इज रनिंग' वाचते आणि सांगते, "मेरी नाक दौड रही है." वर्ग हसतो. मूल खाली बसते ते पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. मोहल्ल्यात बोलले जाते, उर्दूवाल्यांचे इंग्रजी कच्चेच! मग धाकट्या भावाचे नाव इंग्रजी शाळेत घातले जाते.

पण त्या मुलाचे चुकले काय? पाठ केलेला अर्थ त्याने इमानदारीने लावला. अशा वेळी आम्ही वर्गाला विचारतो, "अब्बा की दुकान कैसी चलती है? दुकानाला पाय असतात का?" मुले विचारात पडतात. दुकान चालते, घड्याळ चालते, कोर्टात खटला चालतो. मराठीत तर नुसते 'चालेल' म्हटले की होकार झाला. इंग्रजी माणसाची दुकान धावते, आपली चालते. त्याचे नाक धावते, आपले वाहते. एवढाच काय तो फरक!

डोळ्यांचेही तसेच. उर्दूत आँख लगी, मराठीत डोळा लागला, म्हणजे झोप आली. आँखें आईं, डोळे आले, म्हणजे दुखणे आले. एखाद्या इंग्रजाने विचारले, "मग आधी डोळे गेले कुठे होते?" तर आमची मुलेच त्याला समजावतील.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, माणसाची ओळख पटते तशी. म्हणून सुट्या शब्दांच्या याद्यांपेक्षा 'रन अ शॉप', 'रन अ फिव्हर', 'रन आउट ऑफ मनी' अशा जोड्या शिकवाव्यात आणि शेजारी आपला मुहावरा लिहावा. दुकान चलाना, बुखार होना, पैसे खत्म होना. मुलाला लगेच उमगते.

आमच्या पालकांना एवढेच सांगणे आहे की, इंग्रजीसाठी घरची भाषा सोडू नका. ज्या मुलाला दोन भाषांचे मुहावरे कळतात, त्याला तिसरीचेही कळतील. फक्त पहिल्या चुकीला हसून त्याचे तोंड बंद करू नये.