वळणावरची बॅटरी

रात्री दहा ते सकाळी आठ. आमच्या ग्रुपच्या नव्या ॲपमध्ये ही शांततेची वेळ आधीच ठरलेली होती. ॲप मुळात कचेऱ्यांसाठी केलेलं. घरी गेलेल्या माणसाला रात्रीबेरात्री हाका मारू नयेत, हा त्यातला विचार चांगलाच आहे. पण आमचं जे काही आहे ते सगळं आठच्या आत घडतं. पहिल्याच आठवड्यात पहाटे पावणेपाचला मी लिहिलं, ‘निघाले’. कुणाचाच फोन वाजला नाही. पाहिलं तर एकूणएक नावाशेजारी झोपेचा इवलासा ‘झेड’. ओट्यापाशी अंधारात उभी राहून मी ती झोपलेली नावं वाचत राहिले आणि मला एकदम औंधची गल्ली आठवली.

तिकडे जाण्याआधी ग्रुपबद्दल सांगते. आम्ही बावीस जण साताऱ्याचे. रोज अजिंक्यतारा चढतो. दरवाजापाशी पाठ-कंबर सैल करायची, जमेल तसे नमस्कार घालायचे, मंगळाईला हात जोडायचे आणि उतरायचं. निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, रात्रपाळी संपवून थेट येणाऱ्या सिस्टर आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला पहिल्या वळणापर्यंतच येणाऱ्या एक वहिनी आहेत. आधी व्हॉट्सॲपवर होतो. तिथे फुलं, सुविचार, वाढदिवस यांच्या ढिगाखाली ‘आज धुकं आहे, बॅटरी आणा’ हा कामाचा निरोप गाडला जायचा. ड्रायव्हरकाकांच्या मुलीनं, ती पुण्यात कंपनीत आहे, एका रविवारी बसून सगळ्यांना नव्या ॲपवर आणलं. आता वेगवेगळे कप्पे आहेत. ‘पहाट’मध्ये फक्त निघालो, पोचलो, पाऊस. ‘गुडघे’मध्ये दुखणी आणि त्यांवरचे शेक-लेप. ‘पोहे’मध्ये बाकी जगातलं सगळं. मला ही मांडणी मनापासून आवडते. फडताळात डाळीच्या डब्यात डाळच असावी, या मताची मी आहे. झोपेची वेळही त्या मुलीनंच बदलून दिली, एकेकाच्या फोनवर.

औंध माझं आजोळ. आण्णा, म्हणजे आईचे वडील, संस्थानच्या शाळेत शिकलेले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले. स्वतः चित्रं काढणारा आणि १९३९ मध्ये कारभार रयतेच्या हाती देणारा हा राजा मला फार मोठा वाटतो. आणि हा मोठेपणा मला उमगला तो आण्णांच्या मनगटांवरून. सत्तरीतही ती दोराच्या पिळासारखी घट्ट होती. संस्थान विलीन झालं, सक्ती संपली, पण आण्णांचे नमस्कार थांबले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं जमलो की ते गल्लीतली सगळीच मुलं गोळा करायचे. कुणाला नावानं हाक मारायची नाही, लहान बाळं उठतात. हातातल्या काठीनं दारावर दोनदा टकटक करायची आणि थांबायचं. आतून कुणीतरी खाकरायचं किंवा खिडकीत कंदील वर व्हायचा. तेवढं झालं की आण्णा पुढच्या दाराकडे. पण ते होईपर्यंत हलायचे नाहीत. एका घरचा मुलगा रोज उशीर करायचा. त्याच्या दाराशी आण्णा हाताची घडी घालून उभे, मागे आम्ही दहा-बारा जण पेंगुळलेले, आणि सगळ्या गल्लीत एक कुत्रंसुद्धा भुंकत नसायचं. त्यांनी पुन्हा टकटक केलेली मी कधी ऐकली नाही. ‘तो उठलाय, फक्त त्याला अजून कळलेलं नाही,’ असं एकदा ते मला हळूच म्हणाले होते.

अंगणात सारवलेल्या जमिनीवर रांग लागायची. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग... नावं आण्णा उच्चारणार, आम्ही मागून. पूष्णे नमः म्हणताना जीभ वळायची नाही, आणि हिरण्यगर्भाला तर धाकट्यांची गाडी हमखास अडायची. मग आण्णा त्या एका नमस्कारापाशी सगळ्यांना थांबवून ठेवायचे. हात जमिनीवर, गुडघे टेकलेले, नाकाशी ओल्या शेणाचा आणि रात्रीच्या मातीचा वास. धाकट्यानं नाव नीट उच्चारलं की मगच बाकीच्यांनी वर यायचं. कुणी कुरकुरलं नाही. कोनाड्यात दगडी पाटी असायची, तिच्यावर प्रत्येकाच्या नावापुढे रेघा. दुसऱ्या दिवशी पाटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेली. मी एकदा रडले होते, माझे सत्तावीस कुठे गेले म्हणून. आण्णांनी माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘इथं आहेत की.’

आमच्या ॲपची फुकटातली सोय ९० दिवसांची आहे. त्यापलीकडचे निरोप दिसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी पहिल्यांदा ‘पहिलं वळण आलं’ असं लिहिलं होतं, त्यांच्या वाढदिवसाला ते सगळ्यांना दाखवावं म्हणून मी शोधायला गेले. वर सरकवत सरकवत एका जागी थांबावं लागलं. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अहो, आता दुसऱ्या वळणापर्यंत येते की मी.’

परवा पहाटे खूप धुकं होतं. गडावरचा टॉवर दिसत नव्हता, गावातले दिवे पिठात बुडवल्यासारखे. ‘पहाट’मध्ये एकवीस जणांचं ‘निघालो’ आलेलं, सिस्टरचं नाही. रात्री वॉर्डात गर्दी असली की त्यांना उशीर होतो, कधी यायला जमतच नाही. पहिल्या वळणावर काका थांबले, म्हणून आम्हीही थांबलो. बोलणं आपोआप थांबलं. गवतावरून थेंब गळत होते. काकांनी फोन काढून पाहिला, खिशात ठेवला आणि बॅटरी रस्त्याच्या खालच्या अंगाला धरून दोनदा उघडझाप केली.

बराच वेळ काही नाही. मग धुक्यात, खूप खाली, एक उजेड वर झाला.