शोकेसबाहेरचा हल्क

138 तुकडे, एक हिरवा हीरो आणि गुडघे नसलेला एक रोबोट. मोठ्या माणसांनी स्वतःसाठी हे खेळणं घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त एका अटीवर!

हल्कला रोबोट कशाला हवा? बेसिक प्रश्न आहे, बॉस! राग आला की ज्याच्या अंगावरचा शर्ट फाटतो, जो रणगाडा चेंडूसारखा भिरकावतो, त्याला वरून आणखी रोबोटचं चिलखत कशासाठी? हत्तीला जेसीबी घेऊन देण्यासारखंच झालं हे.

पण लेगोनं 2023 मध्ये नेमकं हेच केलं. 'हल्क मेक आर्मर' नावाचा छोटा सेट काढला. 138 तुकडे, खोक्यावर वय लिहिलंय सहा आणि पुढे. 'मेक' म्हणजे ज्याच्या आत बसून माणूस तो चालवतो, असा रोबोट. छातीत बसायला बोटाएवढा हल्क सोबत मिळतो. याआधी आयर्न मॅन, स्पायडरमॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, वुल्व्हरिन असे सगळे जण अशाच रोबोटमध्ये बसून झाले होते. आयर्न मॅनचं तर विचारूच नका. तो मुळातच चिलखतात, ते चिलखत घालून दुसऱ्या चिलखतात. स्वेटरवर स्वेटर!

ही आयडिया काही लेगोच्या डोक्यातून आलेली नाही. रोबोटच्या आत बसून तो चालवायचा, हा फंडा जपानचा. गो नागाई यांच्या 1972 च्या 'माझिंगर झेड'नं तो घराघरात नेला. पुढे 1978 मध्ये जपानच्या तोएई कंपनीनं टीव्हीसाठी स्वतःचा स्पायडरमॅन काढला आणि त्याला चक्क एक अवाढव्य रोबोट दिला, नाव लिओपार्डॉन. तेव्हा सुपरहीरो आणि रोबोट ही जोडी जुनी आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा जुनी!

तरीही हल्कचा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला खोकं उघडल्यावर मिळालं. एरवी लेगोच्या मोठ्या सेटमध्ये हल्क चांगला दांडगा मिळायचा, इतर पुतळ्यांच्या डोक्यावरून बघणारा. इथे मात्र तो बाकीच्यांएवढाच, चार सेंटिमीटरचा. म्हणजे कंपनीनं आधी हल्कला लहान केलं आणि मग त्याला मोठं व्हायला रोबोट दिला. आपल्या ऑफिसात नाही का, आधी अधिकार काढून घेतात आणि मग भारी डेसिग्नेशन देतात? तसंच!

हातात काय पडतं?

पुड्या फोडल्या, तुकडे टीपॉयवर ओतले आणि पुस्तिका उघडली. अर्ध्या तासाच्या आत रोबोट उभा. आधी धड, मग पाय, मग हात आणि शेवटी ते मोठाले पंजे. चित्रात जो तुकडा दाखवलाय तो शोधायचा, दाबायचा, 'टक' आवाज आला की पुढचं पान. या 'टक'साठी लोक पैसे देतात, हे खरं. मापच तसं काटेकोर असतं. ब्रिकवरच्या दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर बरोबर 8 मिलीमीटर, ब्रिकची उंची 9.6. मायक्रॉनमध्ये मोजावा इतकाच फरक चालतो. त्यामुळे जोडलेलं हलवलं तरी सुटत नाही आणि सोडवायचं म्हटलं तर सात वर्षांच्या पोराच्या हातानं सुटतं. क्रॉफर्ड मार्केट किंवा तुळशीबागेत मिळणारे हुबेहूब दिसणारे सेट हातात घेतले, की फरक कळतो. दिसतं तसंच, पण एक हात लावायला जावं तर दुसरा गळून पडतो.

आता तक्रार. या रोबोटला गुडघे नाहीत! पाय कमरेपासून हलतो, पण मध्ये वाकत नाही. त्यामुळे धावण्याची पोझ द्यायला गेलात, तर हल्क लग्नाच्या मांडवात खूप वेळ मांडी घालून नुकताच उठलेल्या काकांसारखा दिसतो. छोट्या मेकच्या या सगळ्या मालिकेचं हेच दुखणं आहे. पायात आणखी एक सांधा म्हणजे आणखी तुकडे, आणि हा सेट लेगोच्या स्वस्तातल्या सेटपैकी. कुठेतरी काटकसर होणारच. ती गुडघ्यात झाली.

पैशाचं काय?

स्वस्त म्हणजे किती? 2020 मध्ये याच प्रकारचा आयर्न मॅन आला, तेव्हा अमेरिकेत 148 तुकडे 9.99 डॉलरला मिळत. 2023 मध्ये आपल्या हल्कचे 138 तुकडे 14.99 डॉलरला. म्हणजे तुकड्यामागे पावणेसात सेंटवरून जवळजवळ अकरा सेंट. तीन वर्षांत आपला पगार या वेगानं वाढला असता, तर हा हिशोब कुणी केलाच नसता!

आपल्याकडे त्यात सरकारचीही भर पडली. परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेली, 2023 मध्ये 70 वर. मला हा सेट हजार-दीड हजारांच्या मधे कुठेतरी पडला. दोन जणांनी मल्टिप्लेक्समध्ये जायचं, पॉपकॉर्न घ्यायचं आणि इंटरव्हलला आणखी काहीतरी खायचं, तेवढा खर्च. आईनं बिल बघितलं आणि एकच विचारलं, "हे ठेवायचं कुठे?"

'खेळायचं कसं' नव्हे हं. 'ठेवायचं कुठे!' या प्रश्नात आपल्या सगळ्या मध्यमवर्गीय घरांचा इतिहास आहे.

काचेमागची बाहुली

तुमच्याही घरी असेलच. हॉलमधला लाकडी शोकेस. खालच्या कप्प्यात कधीच न काढलेला डिनर सेट, मधल्या कप्प्यात ताजमहाल आणि शाळेतल्या ट्रॉफ्या, आणि सगळ्यात वर, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, घरातली सगळ्यात भारी खेळणी. आमच्या डोंबिवलीच्या घरात तिथे एक बाहुली होती. काकांनी अमेरिकेहून आणलेली. निळे डोळे, आडवी केली की मिटणारे. हे डोळे मिटतात, हे मला माहीत होतं कारण पाहुणे आले की आई ती काढून दाखवायची. मग परत प्लास्टिकच्या पिशवीत, परत काचेमागे, परत कुलूप.

अकरा वर्षं मी त्या बाहुलीला रोज बघत होते. तिची एकही वेणी मी घातली नाही.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. शोकेस नव्या घरात मावणार नव्हता, म्हणून रिकामा केला. आईनं बाहुली पिशवीतून काढली आणि माझ्या हातात दिली. खिडकीच्या बाजूचा फ्रॉक पार उडाला होता. मी तिचा हात धरून उचलली तर हात माझ्याच हातात राहिला. आतलं इलॅस्टिक केव्हाच कुजलं होतं. कुणी आपटली नाही, कुणी ओढली नाही. नुसती जपून जपून, एकदाही न खेळता ती म्हातारी झाली होती.

आई म्हणाली, "तुझ्या मुलीसाठी ठेवली होती गं."

आईवर चिडावंसंही वाटलं नाही. तिच्या लहानपणी विकतचं खेळणं म्हणजे जत्रेतली एक भिंगरी. चांगली वस्तू घरात एकदाच येते, ती मोडली तर दुसरी येणार नाही, हे ती अनुभवानं शिकली होती. जपणं हेच तिचं प्रेम होतं. फक्त त्या प्रेमात माझी खेळायची वर्षं निघून गेली. बाहुली टिकली नाही ती नाहीच, आणि माझ्याकडे तिची एक आठवणही नाही.

नवा शोकेस, एलईडीसह

आता आपण कमावतो. आणि काय करतो? नवा शोकेस बनवतो! लेगोनं 2020 पासून मोठ्यांसाठी काळ्या खोक्यातले, '18+' लिहिलेले सेट सुरू केले. 2022 मध्ये त्यांचा 'हल्कबस्टर' आला, हल्कला आवरण्यासाठी आयर्न मॅननं बनवलेला तो रोबोट. 4,049 तुकडे! असला सेट कुणी एकदा लावला, तर तो सोडवायची कुणाची टाप आहे? तो एलईडीच्या पट्टीखाली शेल्फवर जातो, व्हिडिओ कॉलवर मागे दिसेल असा. आठवड्यातून एकदा ब्रशनं धूळ झटकायची. पोरं घरी आली की ओरडायचं, "हात नको लावूस!" ऐकू आला ना आवाज? आपल्या आईचाच आहे तो.

छोट्या सेटचं खरं मोल इथे कळतं. तो इतका छोटा आहे, की तो मोडायची हिंमत होते.

माझा हल्क दोन दिवस लॅपटॉपशेजारी उभा होता. तिसऱ्या दिवशी ताई आणि तिचा मुलगा आले. भाचा सात वर्षांचा. त्यानं रोबोट उचलला, पाय पुढेमागे केले आणि पहिल्या मिनिटात निकाल दिला, "मावशी, याला गुडघेच नाहीत. हा बसणार कसा?"

मी म्हटलं, "नाहीच बसत तो."

"मग पाय हवेत कशाला?"

काय उत्तर देणार? त्यानं दोन्ही पाय उपटले. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, मोडलंन् त्यानं! दीड हजाराचं!" तोवर भाच्यानं स्वतःच्या पिशवीतून जुन्या पोलीस कारची चाकं काढली होती. ती कार वेगळ्या सेटची, वेगळ्या वर्षाची, पण चाकं बसली. बसणारच. 28 जानेवारी 1958 रोजी डेन्मार्कमध्ये ज्या ब्रिकच्या पेटंटचा अर्ज झाला, ती ब्रिक आजच्या ब्रिकवरही बसते. वीस मिनिटांत हल्कच्या मेकची रिक्षा झाली. तीनचाकी, पंजे बाहेर काढलेली. भाचा म्हणाला, "मीटरनं नाही आलं गिऱ्हाईक, तर हा हात वर करून नाही म्हणणार." डोंबिवली स्टेशनबाहेर उभा राहिलेल्या कुणालाही ही कल्पना पटेल!

चित्र बघून लावायचं, यात काय मोठंसं?

हा आक्षेप माझ्या बाबांच्या पिढीचा. त्यांचं म्हणणं, आमच्या मेकॅनोत डोकं चालवावं लागायचं. यात नुसतं पान उलटायचं आणि चित्रात दाखवलंय तसं करायचं. हे खेळणं की परीक्षेतलं गाईड?

मुद्दा अर्धा बरोबर आहे. पहिल्यांदा लावताना आपण खरंच हुकमाचे ताबेदार असतो. पण त्यातही काही शिकतो. खांद्याचा सांधा कसा बसवला, छाती उघडता यावी म्हणून बिजागरी कुठे लपवली, उभ्या रोबोटचा तोल जाऊ नये म्हणून तळपाय एवढे रुंद का. ही युक्त्यांची शिदोरी असते आणि ती दुसऱ्यांदा कामाला येते. एकाच रंगाच्या, चार बाय दोनच्या अवघ्या सहा ब्रिक एकमेकींत 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात. सहा ब्रिक! आपल्याकडे तर 138 तुकडे आहेत. पुस्तिकेत त्यातला एकच प्रकार छापलाय. तेवढाच करून थांबायचं, तर मग बाबा बरोबर.

मग घ्यायचा का?

देखणा रोबोट हवा असेल तर थांबा. गुडघ्याविना पोझ मिळत नाही आणि पाठीमागून बघाल तर काटकसर लगेच दिसते. भाव वाढलाय, तुकडे कमी झालेत. हल्क नाही मिळाला तर त्याच आकाराचा दुसरा कुठलाही घ्या, या मालिकेतला हीरो बदलत राहतो, आतली गंमत तीच.

पण अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून हातानं काहीतरी पूर्ण करायचं असेल, आणि नंतर ते बिनधास्त मोडायचं असेल, तर या किमतीत यापेक्षा चांगली वस्तू मला दिसलेली नाही. अट एकच. महिन्याच्या आत मोडा. नाहीच जमलं, तर एखादं सात वर्षांचं मूल घरी बोलवा, ते जमवेल.

आमच्या सेटचं म्हणाल, तर शेवटच्या मोजणीत 138 पैकी 131 निघाले. उरलेले सात सोफ्याखाली, कपाटामागे कुठेतरी आहेत. आई हल्ली केर टाकण्याआधी सुपली नीट चाळून बघते. परवा तिला एक हिरवा तुकडा मिळाला. तिनं तो पुसला आणि डब्यात टाकला. शोकेसमध्ये नाही, खेळण्यांच्या डब्यात.