रिकाम्या डब्याचे खाते

धारूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या एका श्रावक कुटुंबाचा गॅसशी दुहेरी संबंध आहे. स्वयंपाकघरात १४.२ किलोचा लाल सिलिंडर आहे आणि दुकानाच्या फळीवर ब्लोटॉर्चला लागणारे ब्युटेनचे लहान डबे विक्रीस मांडलेले आहेत. दोन्हींची भांडी पोलादी, दोन्हींतला वायू ज्वलनशील. परंतु रिकामे झाल्यावर दोघांची गती अगदी निराळी होते.

लाल सिलिंडर घरचा वाटला तरी तो घरचा नसतो. त्याची मालकी तेल कंपनीकडेच राहते. ग्राहक जी अनामत भरतो, ती जून २०२२ पासून २२०० रुपये आहे आणि जोडणी परत केल्यास ग्राहकाची अनामत त्याला मिळते. रिकामा दिल्यावरच भरलेला मिळतो, म्हणून तो कधी उकिरड्यावर पडत नाही. त्याच्या मानेजवळील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. पुढील तपासणी कोणत्या तिमाहीत करावयाची, ते त्यावरून कळते. तपासणीत बाद ठरलेला सिलिंडर पुन्हा जोडता येऊ नये अशा रीतीने चेपून वा कापून नष्ट करावा, असा नियम आहे. अखेरपर्यंत त्याला कोणीतरी धनी असतो.

फळीवरच्या डब्याला असा धनी नाही. बिल फाडले की कारखानदार, ठोक व्यापारी आणि दुकानदार या तिघांचाही त्याच्याशी संबंध संपतो. एका उन्हाळ्यात भंगार वेचणारा एक मुलगा दुकानामागे असाच डबा दगडावर ठेवून त्याला छिन्नी लावू लागला. आत थोडा वायू शिल्लक होता. दुकानदाराने धावत जाऊन त्याचा हात धरला. "ठेव ते खाली, बाळा. फुटलं तर डोळे जातील." मुलाने डबा खाली ठेवला आणि सहज विचारले, "मग शेठ, हे द्यायचं कुणाला?"

त्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराजवळ नव्हते. घाऊक बाजारात चौकशी केली, तर तिथेही नव्हते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता हा हिशेबाचा दोष आहे. डब्याच्या किमतीत पोलाद, वायू, वाहतूक, कर आणि प्रत्येकाचा नफा धरलेला असतो. रिकामा डबा सुरक्षितपणे उघडून त्याचे पोलाद भट्टीपर्यंत पोहोचविण्याचा खर्च मात्र कुठेच धरलेला नसतो. खतावणीत लिहिला नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो भंगारवाल्याच्या बोटांच्या, कचरा जाळणाऱ्या सफाई कामगाराच्या आणि गावच्या मातीच्या नावे पडतो. फ्रीज-एसीच्या वायूच्या डब्यांत तर आणखी एक भर पडते. आर-१३४ए हा वायू हवा तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट प्रभावी आहे. छिद्र पाडून सोडून दिलेला उरलासुरला वायूही निरुपद्रवी नसतो.

ज्याने वस्तू घडविली त्याने तिच्या अंताचाही भार उचलावा, हे तत्त्व आपल्या देशात नवे नाही. २०११ च्या ई-कचरा नियमांत ते आले, २०२२ मध्ये बॅटरी आणि टायर यांनाही लागू झाले. जुनी बॅटरी देऊन नवीच्या किमतीत सूट घेणे धारूरच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने २०२२ मध्ये गॅस सिलिंडरसाठीच उत्पादकांवर अशी जबाबदारी टाकणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एकदाच वापरावयाच्या लहान प्रोपेन सिलिंडरची विक्री २०२८ पासून बंद करण्याचे ठरविले.

आडगावच्या दुकानदाराची शंका रास्त आहे. धारूरला रेल्वे नाही, माल घाट चढून टेंपोने येतो. मग रिकामे डबे परत नेण्याचे भाडे कोण देणार? परंतु माल उतरवून टेंपो बहुधा रिकामाच घाट उतरतो. प्रत्येक डब्यावर थोडी अनामत ठेवली आणि परतीचे भाडे कारखानदाराने सोसले, तर हेच वाहन रिकामे डबे नेऊ शकेल. सोड्याच्या काचेच्या बाटल्या पिढ्यान् पिढ्या अशाच परत जात होत्या.

साधूंच्या पाच समितींपैकी पाचवी, परिष्ठापनिका समिती, टाकून देण्याविषयी आहे. नको असलेली वस्तू कोठे आणि कशी ठेवावी, म्हणजे कोणत्याही जीवाला पीडा होणार नाही, याचा विवेक ती शिकविते. घेताना सावध राहणारे पुष्कळ असतात. टाकतानाही तितकेच सावध राहावे, ही तिची अपेक्षा आहे. गृहस्थाला ती साधूइतकी काटेकोर नसेल, पण व्यापार करणाऱ्या गृहस्थाला ती लागूच नाही असे म्हणता येत नाही.

त्या दुकानदाराने पुढील हंगामात ब्युटेनच्या डब्यांची मागणी निम्म्यावर आणली आणि विकलेल्या प्रत्येक डब्यामागे दहा रुपये अनामत घेण्यास सुरुवात केली. काही गिऱ्हाइके रागावून शेजारच्या दुकानात गेली. परत आलेले डबे मोकळ्या, सावलीच्या जागी जाळीच्या पेटीत ठेवले जातात आणि त्यांची नोंद वहीच्या वेगळ्या पानावर होते. त्या पानाच्या 'येणे' बाजूस त्याने कारखानदाराचे नाव लिहिले आहे. ती वसुली त्याच्या एकट्याच्या तगाद्याने होणारी नाही. त्यासाठी व्यापारी संघाचा आवाज लागेल आणि कायद्याचा आधारही.