तपासणीचा आठवडा

तपासणी जवळ आली की माझी कंबर हमखास दुखते. एरवी धुणं वाळत घालताना दुखली तर लक्षही जात नाही.

"गर्भाशयच काढलं, मग पॅप टेस्ट कसली?" वन्संनी विचारलं. विचारणारच. गर्भाशय आणि त्याचं मुख काढल्यावर योनीचा वरचा भाग शिवून बंद करतात; तिथल्या पेशी घेऊन तपासतात, तो व्हॉल्ट स्मिअर. गर्भाशयमुखाचा कॅन्सर परतलाच तर बहुतेकदा पहिल्या 2-3 वर्षांत. म्हणून सुरुवातीची 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी बोलावतात, पुढे 5 वर्षांपर्यंत 6 ते 12 महिन्यांनी.

मला वाटायचं, सगळा खेळ मशीनचा. पण तक्रार नसेल तर दर खेपेला स्कॅन करतातच असं नाही. डॉक्टर हाताने तपासतात आणि विचारतात: अंगावरून लाल जातं का? पाय सुजतो का? कंबर? इथे मी अडखळते. खरं दुखणं कुठलं नि धास्तीचं कुठलं, हे मलाच कळत नाही, त्यांना काय सांगू? (सांगते तरी. लपवण्यात शहाणपण नाही.)

वन्संनी स्वतः अजून एकदाही टेस्ट केलेली नाही. या वेळी त्यांनाही सोबत नेणार आहे.