दहावीचं गणित, मंगळवारची संध्याकाळ

‘‘तू आर्ट्सची ना गं? मग तुला कम्प्युटरला कोण घेणार?’’ शेजारच्या काकूंचा प्रश्न तसा रास्त होता. बारावीला गणित नाही, पुढे मास कम्युनिकेशन आणि आता फ्रीलान्स पत्रकारिता. हिशेब करायचे ते फक्त थकलेल्या बिलांचे! पण गेल्या वर्षी दरमहा पैसे देणारा एक कॉलम बंद झाला. त्यातच एका स्टोरीसाठी बजेटचे ढीगभर तक्ते हाताने चाळत बसले. तेव्हाच ठरवलं, बॉस, प्रोग्रॅमिंग शिकायचं. घरी बसून, पण रीतसर युनिव्हर्सिटीचं.

पहिला ब्रेक एमसीएला लागला. कम्प्युटरची पदवी नसेल, तर अनेक ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित हवं. पत्ता कट! मग सापडला मद्रास आयआयटीचा २०२० साली सुरू झालेला ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम, आताचं नाव डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स. इथे जेईई लागत नाही. कुठल्याही शाखेतून बारावी पास आणि दहावीला गणित व इंग्रजी, बस्स. माळ्यावरच्या फाइलमधली दहावीची मार्कशीट इतक्या वर्षांनी कामाला आली.

पण थांबा, दार उघडं असलं तरी उंबरठा आहे. आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कम्प्युटेशनल थिंकिंग शिकायचं, दर आठवड्याला असाइनमेंट द्यायच्या आणि मग सेंटरवर जाऊन परीक्षा. ती पास झाली तरच पुढे प्रवेश. यातला चौथा विषय मला भारी आवडला. कोडची एक ओळही नाही. मुलांच्या गुणांची कार्डं, दुकानातली बिलं असं समोर ठेवून ती एकेक कशी उचलायची, काय मोजायचं, काय लक्षात ठेवायचं, हे आधी शिकवतात. म्हणजे कम्प्युटरला सांगण्याआधी स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे. पत्रकाराला हे अगदीच परकं नाही.

माहितीपत्रकात न लिहिलेल्या अटी मात्र नावड्यात कळल्या. एका विषयाला आठवड्याचे साधारण दहा तास धरायचे. चार विषयांचे चाळीस, म्हणजे दुसरी फुलटाइम नोकरीच! मुलाखतीसाठी मुंबईत जायचं तर रिक्षाने पेंधर, तिथून मेट्रोने बेलापूर आणि पुढे लोकल. २०२३मध्ये ही मेट्रो सुरू झाल्यापासून निदान बसायला मिळतं, त्यामुळे लेक्चर मोबाइलवर ऐकून होतात. पण गणित सोडवायला टेबल लागतं, कोड लिहायला लॅपटॉप लागतो आणि तळोजा एमआयडीसीच्या वासाने खिडकी बंद केल्यावर तीनजणांच्या घरात शांतताही लागते. आईशी तह झालाय : मंगळवार आणि गुरुवार, आठ ते दहा, टीव्हीचा आवाज बंद. तिची मालिका सबटायटल्सवर.

आणि पैसे? त्या चार आठवड्यांत मी दोन असाइनमेंट नाकारल्या, लेखांच्या हं, अभ्यासाच्या नाही. फीपेक्षा मोठा खर्च तोच. पुढच्या टप्प्यात कमी विषय घेण्याची सोय आहे, म्हणून हे जमेल असं वाटतं. फाउंडेशनचे आठ विषय पूर्ण करून थांबले तरी सर्टिफिकेट हातात राहील.

तर मंडळी, ऑफिसातून येऊन रात्री अशा कोर्सची पानं उघडत असाल, तर ‘मी पात्र आहे का?’ याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. त्यानंतर कॅलेंडर काढा. पुढचे चार महिने मंगळवारचे दोन तास कोण देणार आणि त्या वेळेतलं तुमचं काम कोण करणार, हे घरच्यांशी बोलून घ्या. फॉर्म त्यानंतर भरा. माझी परीक्षा येत्या रविवारी आहे. काकूंना अजून सांगितलेलं नाही.